जामीनदारांचे युद्ध

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी शाखाधिकारी म्हणून माझी बदली झाली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. शाखा चावडीच्या समोर होती. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली होती. १९१४ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिच्यावर मजकूर. नावे नव्हती. पाटीखालच्या ओट्यावर बाजारच्या दिवशी माणसे बसत, आणि भिंतीला चुना लावताना पाटीवरही हात फिरे.

शाखेतला माझा निम्मा वेळ वसुलीत जाई. गाव ज्यांना तात्या म्हणे असे एक म्हातारे गृहस्थ मेहुण्याच्या इंजिनाच्या कर्जाला जामीन राहिले होते. मेहुणा हप्ते थकवून मुंबईला निघून गेला आणि नोटीस तात्यांच्या दारात गेली. ते आले आणि म्हणाले, “सायेब, पैसं म्या घेतलं न्हाईत. इंजिन माज्या हिरीवर न्हाई. म्या निस्ती सही केली.” मी त्यांना नियम समजावून सांगितला. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक दोघांपैकी कुणालाही आधी धरू शकते, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग दारातून समोरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “माजा चुलता तिकडं बसऱ्याला ऱ्हायला. त्येनं कुनाच्या कर्जाला अंगठा दिलता?”

त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. नंतर फायली, बदल्या आणि कादंबऱ्या यांत तो प्रश्न मागे पडला. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा पहिल्या महायुद्धापूर्वीचे करारमदार आणि त्यांच्यावरची पुस्तके वाचायला घेतली. मी इतिहासकार नाही. पण कागद कसा वाचायचा, सही कुणाची, तारण कुणाचे आणि बुडाले तर भरणार कोण, एवढे पाहायची सवय नोकरीने लावली आहे.

आमच्या शाळेच्या पुस्तकात महायुद्धाची कारणे क्रमांक घालून दिलेली असत. त्यांत ‘वसाहतींसाठी स्पर्धा’ हे कारण हमखास असे. ते खोटे नाही, पण सरळ वाचले तर फसवते. कारण १९१४ च्या जून महिन्यात युरोपातल्या बड्या राष्ट्रांच्या वसाहतींच्या खात्यावर भांडणाची म्हणावी अशी बाकी फारशी उरलीच नव्हती. इजिप्त मिटले होते. मोरोक्को मिटला होता. बगदाद रेल्वेचा तंटा तर त्याच महिन्यात मिटला. ज्या भांडणांनी पंधरा-वीस वर्षे परराष्ट्रमंत्र्यांची झोप उडवली ती एकेक करून निकालात निघाली, आणि मग युद्ध झाले. हे कोडे सोडवायचे तर ही भांडणे मिटली ती कशी मिटली, हे पाहावे लागते. माझ्या वाचनातून निघालेला निष्कर्ष असा : प्रत्येक तडजोडीची किंमत तिसऱ्याच्याच जमिनीने चुकती केली गेली, आणि बहुतेक तडजोडींमागे एक जामीनकी शिल्लक राहिली. जमिनीचा व्यवहार सर्वांना दिसला. जामीनकी मात्र कुणाच्या ताळेबंदात ठळकपणे आली नाही.

सुरुवात फशोदापासून करावी. मार्शां नावाचा एक फ्रेंच अधिकारी शंभर-दीडशे आफ्रिकी शिपाई घेऊन अटलांटिकच्या किनाऱ्याकडून निघाला आणि दोन वर्षे जंगले, दलदली तुडवत १८९८ च्या जुलैत नाईलच्या काठी फशोदाच्या पडक्या किल्ल्याशी पोहोचला. सप्टेंबरात सुदान जिंकून किचनेर तिथे आला. हाच किचनेर पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि कर्झनशी भांडला. नाईलवर हे दोघे एकमेकांशी सभ्यपणे वागले, पण लंडन आणि पॅरिसमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली. फ्रान्सला माघार घ्यावी लागली. फ्रेंच परराष्ट्रमंत्री देल्कासे याने मात्र धडा घेतला, की जर्मनी आणि इंग्लंड या दोघांशी एकाच वेळी वैर परवडणारे नाही.

त्यातून ८ एप्रिल १९०४ चा इंग्लंड-फ्रान्स करार निघाला. तो वाचताना दोन शेतकरी बांधाची अदलाबदल करत आहेत असे वाटते. इजिप्तमध्ये आम्ही तुम्हाला हरकत घेणार नाही, मोरोक्कोत तुम्ही आम्हाला घेऊ नका. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची मासेमारी, सयाम, मादागास्कर, पॅसिफिकमधली बेटे, सगळ्या जुन्या कटकटी एकाच बैठकीत संपवल्या. अडचण एवढीच की बांध दोघांपैकी कुणाच्याच मालकीचा नव्हता. मोरोक्कोला सुलतान होता आणि इजिप्त कागदोपत्री तुर्की साम्राज्यात होते. या करारात लष्करी मैत्रीचा शब्द नाही. पण एक कलम असे आहे, की या व्यवस्थेच्या अंमलबजावणीसाठी दोन्ही सरकारे एकमेकांना राजनैतिक पाठिंबा देतील. जामीनकी ती हीच. मोरोक्कोचा व्यवहार फ्रान्सचा, पण त्यावर दुसरी सही इंग्लंडची.

आता कर्जदाराला दम दिला की जामीनदार किती पाण्यात आहे ते कळते, हे वसुलीवाल्यांचे जुने तंत्र आहे. जर्मनीने तेच केले. ३१ मार्च १९०५ रोजी कैसर दुसरा विल्हेल्म मोरोक्कोतल्या टँजिअरला उतरला, अनोळखी घोड्यावरून गावात फिरला, सुलतानाच्या स्वातंत्र्याला आपला पाठिंबा आहे असे बोलला आणि काही तासांत परत गेला. जूनमध्ये देल्कासेला राजीनामा द्यावा लागला. जर्मनीने आंतरराष्ट्रीय परिषदेची मागणी केली आणि १९०६ च्या जानेवारीत स्पेनमधल्या अल्जेसिरास गावी ती भरली. तिथे जर्मनीच्या बाजूला ऑस्ट्रिया-हंगेरीखेरीज बडे असे कुणीच उरले नाही. १८८२ पासून जर्मनीचा दोस्त म्हणवणारा इटलीसुद्धा फ्रान्सच्या बाजूने गेला. जामीनदार पळेल या हिशेबाने दम दिला होता, तो अधिक पक्का झाला. याच जानेवारीत इंग्लंड आणि फ्रान्सच्या लष्करी अधिकाऱ्यांची बोलणी सुरू झाली. त्यांना परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे याची परवानगी होती. मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना त्यांचा पत्ता पुढली पाच वर्षे नव्हता. एखाद्या शाखाधिकाऱ्याने संचालक मंडळाला न कळवता हमीपत्रे देत सुटावे, तसला हा प्रकार.

या परिषदेतल्या आणखी दोन गोष्टी बँकवाल्याच्या नजरेतून सुटत नाहीत. एक म्हणजे रशियाचे मत. जपानकडून पराभव, १९०५ ची क्रांती आणि रिकामी तिजोरी अशा अवस्थेत रशिया परिषदेला आला, फ्रान्सच्या बाजूने उभा राहिला, आणि परिषद संपली त्याच एप्रिल महिन्यात पॅरिसच्या पुढाकाराने त्याला सव्वादोनशे कोटी फ्रँकचे कर्ज मिळाले. फ्रेंच मध्यमवर्गीयांनी, शिक्षकांनी, छोट्या दुकानदारांनी ते रशियन रोखे घेतले. पुढच्या कर्जांतून रशियाने जर्मनीच्या दिशेने रेल्वेमार्ग टाकावेत अशी अट आली. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी ही सारी देणी नाकारली. दुसरी गोष्ट जरा मौजेची. एका देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सोडवायला तीन महिने बसलेल्या या परिषदेतून ठोस असे जे निघाले, त्यात एक बँक होती. टँजिअरला मोरोक्कोची स्टेट बँक स्थापन झाली. सुलतानाचे स्वातंत्र्य मान्य, फक्त त्याचा पोलीस आणि त्याची तिजोरी दुसऱ्यांनी सांभाळायची.

पाच वर्षांनी, १ जुलै १९११ रोजी, ‘पँथर’ ही जर्मन गनबोट मोरोक्कोच्या अगादिर बंदरासमोर येऊन उभी राहिली. कारण सांगण्यात आले की तिथल्या जर्मन नागरिकांचे संरक्षण करायचे आहे. अगादिरमध्ये जर्मन नागरिक नव्हते! शेवटी दूरच्या गावातून एका जर्मन माणसाला तिकडे जायला सांगितले गेले आणि तो संकटग्रस्त गृहस्थ बोट येऊन गेल्यावर काही दिवसांनी दमूनभागून किनाऱ्यावर पोहोचला. हसू येते, पण २१ जुलैला लॉइड जॉर्जने लंडनमध्ये, तेही बँकवाल्यांच्या मेजवानीत, जे भाषण केले त्याने सगळ्यांचे हसू थांबले. ब्रिटनचे हितसंबंध जिथे गुंतले आहेत तिथे आम्हाला जमेत न धरता काही ठरवाल तर ती मानहानी आम्ही सोसणार नाही, असा त्याचा अर्थ होता. सप्टेंबरात बर्लिनचा शेअर बाजार कोसळला आणि लोक ठेवी काढायला रांगा लावू लागले. नोव्हेंबरात तडजोड झाली. मोरोक्को फ्रान्सला, आणि जर्मनीला मोबदल्यात फ्रेंच काँगोचा अडीच लाख चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा. तिथल्या लोकांना आपला मालक बदलल्याचे कधी कळले असेल, कोण जाणे.

त्या सप्टेंबरच्या घबराटीवरून दोन धडे काढले गेले. नॉर्मन एंजल या इंग्रज लेखकाने ‘द ग्रेट इल्यूजन’ या पुस्तकात आधीच मांडले होते, की पतव्यवहाराने राष्ट्रे एकमेकांत इतकी गुंतली आहेत की युद्ध जिंकणाऱ्यालाही तोट्यात घालील. १९१२ च्या जानेवारीत तो लंडनच्या बँकवाल्यांपुढे या विषयावर बोलला. हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबर होते. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, राइक्सबँकेने, त्याच घबराटीतून वेगळा बोध घेतला. पुढच्या वेळी असे होऊ नये म्हणून सोन्याचा साठा वाढवायचा. आग लागू नये म्हणून एकजण व्याख्यान देत होता आणि दुसरा घरातले दागिने शेजारच्या गावी हलवत होता.

अगादिरचा धूर खाली बसण्याआधीच इटलीने संधी साधून तुर्कांच्या लिबियावर स्वारी केली. तुर्क दुबळे आहेत हे पाहून १९१२ मध्ये बाल्कनमधली राज्ये त्यांच्यावर तुटून पडली. आफ्रिकेतल्या वाटणीची कड अशी युरोपच्या अंगणापर्यंत आली.

पोर्तुगालचा किस्सा सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. १८९८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड आणि जर्मनी यांनी एक गुप्त करार केला. पोर्तुगाल कर्जबाजारी होता. त्याने कर्ज मागितले तर दोघांनी मिळून द्यायचे, तारण म्हणून अंगोला, मोझांबिक आणि तिमोरच्या जकातीचे उत्पन्न घ्यायचे, आणि तो बुडाला तर कुठला मुलूख कुणाच्या वाट्याला जाईल तेही आधीच आखून ठेवायचे. गोवा त्या यादीत नव्हते. पुढच्याच वर्षी, १८९९ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडने पोर्तुगालशी असलेले जुने मैत्रीचे तह पुन्हा उजळले आणि त्याच्या वसाहतींचे रक्षण करण्याचे वचन दिले. म्हणजे जप्तीच्या वाटणीचा कागद एका खिशात आणि संरक्षणाची हमी दुसऱ्या खिशात. अशा माणसाला आमच्या बँकेत चहाचे बिलसुद्धा उधारीवर मिळाले नसते. गंमत म्हणजे १९१३ मध्ये हाच वाटणीचा कागद नव्याने लिहून मसुद्यावर आद्याक्षरेही झाली. पण जुने-नवे सगळे करार जाहीर करावे लागतील असे ग्रे म्हणाला, आणि जर्मनीची तयारी नव्हती. सही राहून गेली.

आणि आपण? या सगळ्या व्यवहारांत हिंदुस्थान कुठे होता? तो तारणाच्या जागी होता. १९०५ मध्ये इंग्लंडने जपानशी केलेल्या मैत्रीकराराचे नूतनीकरण झाले तेव्हा हिंदुस्थानचे रक्षण त्याच्या कक्षेत आणले गेले. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्गला इंग्लंड आणि रशिया यांनी आपसांतले वैर मिटवले, ते हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या काळजीपोटी. तिबेट, अफगाणिस्तान आणि इराण असे तीन देश त्या कागदात आहेत आणि तिघांपैकी एकाचीही त्यावर सही नाही. इराणचा उत्तर भाग रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय भाग इंग्रजांच्या, मधला पट्टा मोकळा. इराणी लोकांनी जेमतेम वर्षापूर्वी आपल्या शहाकडून राज्यघटना मिळवली होती, आणि त्यांना हा करार कळला तो सह्या झाल्यावर. करारानंतरच्या वर्षी आपल्याकडे टिळकांना मंडालेला पाठवले गेले. घराची राखण इतक्या दुरून चालली होती, पण घरातल्या माणसांना काही विचारायची पद्धत नव्हती.

याच राखणीत बगदाद रेल्वे आली. १९०३ मध्ये डॉइश बँकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपनीला कोन्यापासून बगदाद आणि पुढे इराणच्या आखातापर्यंत रेल्वे बांधायचा परवाना तुर्की सुलतानाने दिला. व्यवहार असा, की दर किलोमीटरमागे वर्षाला ठरावीक उत्पन्नाची हमी तुर्की सरकारने द्यायची. गाडी रिकामी धावली तरी कंपनीचे नुकसान नाही, फरक अनातोलियातल्या शेतकऱ्याच्या धान्यातून निघणार. तुर्कांच्या महसुलाचा मोठा हिस्सा १८८१ पासून युरोपीय सावकारांच्या मंडळाकडे गहाण होताच. इंग्रजांना चिंता वेगळी होती. आखाताच्या तोंडाशी जर्मन रूळ आले तर मुंबई किती दूर? कुवेतच्या शेखाशी १८९९ मध्येच गुप्त करार करून त्यांनी ती वाट अडवून ठेवली होती. १९०३ च्या अखेरीस खुद्द कर्झन आरमार घेऊन आखातात मिरवून आला. दहा-बारा वर्षे हा वाद चालला. कधी भांडवल अडले, कधी टॉरस पर्वतातले बोगदे.

शेवटी १५ जून १९१४ रोजी लंडनमध्ये ग्रे आणि जर्मन राजदूत लिचनॉव्स्की यांनी मसुद्यावर आद्याक्षरे केली. जर्मन रेल्वे बसऱ्यापर्यंत येईल, त्यापुढे इंग्रजांच्या संमतीशिवाय जाणार नाही, कंपनीच्या संचालक मंडळात दोन इंग्रज असतील. दोन दिवसांनी ब्रिटिश पार्लमेंटने इराणातल्या तेल कंपनीचे बहुसंख्य भाग सरकारसाठी घ्यायला मंजुरी दिली. सगळे कसे नीट मार्गी लागले होते. २८ जूनला साराएव्होला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला.

सर्बिया ही काही कुणाची आफ्रिकेतली वसाहत नव्हती, तेव्हा माझा सिद्धान्त इथे लंगडा पडतो असे कुणी म्हणेल. मला वाटते, उलट इथेच तो लागू पडतो. कर्ज सर्बियाच्या नावावरचे होते, पण वसुलीला दारात आलेल्या सह्या टँजिअर, अल्जेसिरास, अगादिर आणि सेंट पीटर्सबर्ग इथे पक्क्या होत आलेल्या होत्या. ५ जुलैला पॉट्सडॅम इथे कैसरने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंबा कळवला आणि दुसऱ्या दिवशी तो नॉर्वेच्या सफरीवर गेला. इतिहासकार याला कोरा चेक म्हणतात. ही उपमा मला सौम्य वाटते. चेक कोरा असला तरी खात्यातल्या शिलकीपुरताच वटतो, आणि कैसरने दिली ती रक्कम न लिहिलेली जामीनकी होती, तिला वरची मर्यादाच नव्हती. सगळेच सारखे दोषी असे मला म्हणायचे नाही. बर्लिन आणि व्हिएन्नाने त्या जुलैत जाणूनबुजून धोका पत्करला. पण त्यांनी ठिणगी टाकल्यावर आग एवढ्या घरांत का गेली, याचे उत्तर सह्यांच्या कागदांत आहे.

३ ऑगस्टला ग्रे पार्लमेंटसमोर उभा राहिला. फ्रान्सशी आपले कसलेही बंधन नाही हे दाखवायला त्याने फ्रेंच राजदूताला लिहिलेले नोव्हेंबर १९१२ चे पत्र वाचून दाखवले. पत्रात खरोखरच तसे होते. पण कृती करायची वेळ आली तर दोन्ही सेनांच्या कार्यालयांनी आखलेल्या योजना लगेच विचारात घेतल्या जातील, हे शेवटचे वाक्य वाचायचे राहिले. बंधन नाही म्हणायचे, आणि त्या न-बंधनाच्या भरवशावर फ्रान्सने आपले आरमार भूमध्य समुद्रात नेऊन उत्तर किनारा उघडा ठेवायचा. ही न लिहिलेली जामीनकी लिहिलेल्यापेक्षा जड ठरली. शिवाय बेल्जियमच्या तटस्थतेची १८३९ ची लेखी हमी होतीच. पंचाहत्तर वर्षांचा तो कागद दुसऱ्या दिवशी बाहेर निघाला.

हिंदुस्थान युद्धात आहे हे हिंदुस्थानला सांगण्यात आले. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले, आणि १९१७ मध्ये हिंदुस्थानच्या नावाने दहा कोटी पौंडांचा भारही उचलला गेला. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी आखाताच्या तोंडाशी फाव इथे जी पहिली फौज उतरली, तीत ११७ मराठा ही पलटण होती. तेलाचे कारखाने आणि आखातातला इंग्रजांचा दरारा, दोन्ही राखायचे होते. पुणे डिव्हिजन मग बसरा घेऊन बगदादच्या रोखाने वर सरकत गेली, मार खाऊन मागे फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा या गावात वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापण्यात आले, आणि आपल्या शिपायांतल्या अनेकांनी ते मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. तेरा हजारांच्या आसपास माणसे कैद झाली. सेनापतीला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले.

त्यांतल्या हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन या ठिकाणी कामाला लावले. तिथपर्यंत रूळ येऊन थांबले होते, ते पुढे न्यायचे होते. ती बगदाद रेल्वे होती. जिच्या वादावर १५ जूनला लंडनमध्ये पडदा पडला होता, तिच्यासाठी माती उपसायला कूतच्या वेढ्यातून जगलेली माणसे जुंपली गेली, आणि कित्येक तिथेच संपली. तो मार्ग बगदादपर्यंत पुरा व्हायला १९४० साल उजाडले.

तात्यांचा चुलता यांपैकी कुठे पडला, फावला, कूतला की रुळांवर, ते मला माहीत नाही आणि त्यांनाही माहीत नव्हते. मेहुण्याचे कर्ज त्यांनी तीन हप्त्यांत फेडले. शेवटची पावती घ्यायला आले तेव्हा म्हशीच्या पैशांची पिशवी रिकामी करून ते काउंटरपाशी जरा थांबले आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघून त्यांनी विचारले, “सायेब, ह्यात बसरा कुटं आलं?” शाखेत भारताचा नकाशा होता. मी उठून बोट भिंतीवर नकाशाच्या डाव्या कडेच्याही बाहेर, कॅलेंडरच्या खिळ्याशी ठेवले.